विषय : पाण्यावर उभे राहण्याबाबत

गोपाळराव खारकरांना पाण्यावर उभं राहायचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे रोह्यात जे काही बोललं गेलं त्यात निम्मे लोक म्हणत होते की सरांना या वयात खूळ लागलं, आणि उरलेले म्हणत होते की सरांना साक्षात्कार झाला. खरं म्हणजे सरांना फक्त सुट्टी लागली होती. सव्वीस वर्षं भूगोल शिकवून माणूस जितका दमतो तितके ते दमले होते. शहाण्णव सालच्या मे महिन्यात जेवून झोपायचं आणि उठून चहा प्यायचा, एवढाच त्यांचा बेत होता. यात कुणाचं काही बिघडण्यासारखं नव्हतं.

पण मार्चमध्ये मस्कतहून फळ्या आल्या.

पाठवल्या निमिषनं. निमिष हा सरांच्या पत्नीचा, पद्मजाबाईंचा, धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि पद्मजाबाईंनीच त्याला न्हाऊमाखू घालून मोठा केला. तो मस्कतला गेल्याला सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत तो एकदाही आला नव्हता. मात्र कुणी ओळखीचं इकडे येत असलं की त्याच्या हाती काहीतरी पाठवायचा. एकदा गालिचा साफ करायचं यंत्र आलं. खारकरांच्या घरात गालिचा नव्हता. मग विजेवर चालणारी सुरी आली, तिचा प्लग आपल्या भिंतीत जाईना. अशा सगळ्या वस्तू माळ्यावर जाऊन बसल्या, आणि माळ्याकडे नजर गेली की पद्मजाबाईंचा चेहरा उतरायचा.

या खेपेला मात्र त्यानं कमाल केली. पाण्यावर घसरत जायच्या दोन लांबलचक लाल फळ्या, वॉटर स्की म्हणतात त्या. पुढे मोटारबोट, तिला दोर, दोराला माणूस आणि माणसाच्या पायाला या फळ्या, असा एकूण प्रकार. प्रत्येक फळीवर पाय अडकवायला रबराचा जोडा होता. पुढचा भाग पक्का, टाचेचा भाग एका पट्टीवर बसवलेला. चाकी सैल करून ती पट्टी मागे सरकवली की जोडा मोठा होतो, पुढे सरकवली की लहान. म्हणजे कुणाच्याही पायाला बसेल अशी सोय. सरांनी पट्टी मागे सरकवत सरकवत शेवटच्या भोकापर्यंत नेली. तरी त्यांची टाच दीड इंच बाहेर राहिली. सरांचा पाय दहा नंबरचा. त्यातून लहानपणी अनवाणी हिंडून पंजा असा पसरलेला की चपलेचा दुकानदार त्यांना येताना बघून आत निघून जायचा.

"नाही बसत," सर म्हणाले. आवाजात थोडं समाधान होतं, ते त्यांना लपवता आलं नाही.

पद्मजाबाईंनी निमिषचं पत्र पुढे केलं. तो मे महिन्यात येत होता, बारा दिवसांसाठी. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'भावोजींना फळ्यांवर बघायचंय. कॅमेरा आणतोय.'

"अहो, एकदाच उभे राहा," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांनी येतोय तो. आल्याबरोबर त्याला काय दाखवू, माळा? आणि बसत नाहीत हे फोनवर सांगू नका. त्याला वाईट वाटेल."

सरांनी बायकोकडे बघितलं. ती रागावली असती तर त्यांना सवय होती. ती रागावलेली नव्हती, आणि तिथं त्यांची मे महिन्याची सुट्टी संपली.

आता फोनचं म्हणाल तर तो शेजारी हैबतरावांकडे. हैबतराव तालुका कचेरीतून निवृत्त झालेले. मस्कतचा फोन आला की ते बोलावून घ्यायचे आणि पूर्ण संभाषण होईपर्यंत हाताची घडी घालून शेजारी उभे राहायचे. त्यामुळे खारकरांच्या घरात काय चाललंय हे खारकरांपेक्षा त्यांना आधी कळायचं. फळ्यांची बातमी लागताच ते येऊन दोन्ही फळ्या उलटसुलट करून बघून गेले.

"परवानगी काढलीत?"

"कसली?"

"गोपाळराव, नदी सरकारची आहे. तुम्ही तिच्यावर उभे राहणार. उद्या कुणी विचारलं तर काय दाखवाल, फळ्या?"

त्यांनी तिथंच अर्ज सांगायला सुरुवात केली आणि सरांना लिहून घ्यावा लागला. 'विषय : पाण्यावर उभे राहण्याबाबत.' सर म्हणाले की हे वाचून लोक हसतील. हैबतराव म्हणाले की कचेरीत अर्ज कुणी वाचत नाही, विषय बघून टेबल ठरवतात. ते खरंच निघालं. रोह्याच्या टेबलानं अर्ज पेणला धाडला. पेणच्या कचेरीतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "उभे राहणार म्हणजे, बांधकाम आहे का?" सर म्हणाले, बांधकाम नाही, मी स्वतः. "कायमस्वरूपी?" सर म्हणाले, दोन मिनिटं. त्या गृहस्थांनी 'तात्पुरत्या स्वरूपाचे' असा शेरा मारला आणि कागद पुढच्या टेबलावर सरकवला. पुढच्या टेबलावरचे साहेब लग्नाला गेले होते.

जोड्याचं तर काहीच होईना. रोह्याच्या बाजारातल्या चांभारानं पाय बघितला, फळी बघितली आणि आपल्याकडे या मापाचा फर्मा नसल्याचं फार आदरानं सांगितलं. फर्मा म्हणजे लाकडी पाऊल, त्याच्यावर जोडा चढवतात. "सर, पाय लाकडाचा असता तर त्याच्यावरच शिवला असता," असंही तो म्हणाला. सर घरी येऊन पडून राहिले.

तोडगा पुन्हा हैबतरावांनीच काढला. या माणसाकडे तोडगे कधी कमी पडत नसत. "पेणजवळ हमरापूरला जा," ते म्हणाले. "गणपतीवाले. रबराचे साचे करतात ना ते? मूर्तीवर रबर फासायचं, वाळलं की सोलून काढायचं. साधी गोष्ट आहे. मूर्तीच्या जागी तुमचं पाऊल."

गंमत अशी की ही खरोखरच साधी गोष्ट होती. सरांनाही पटली, आणि पेणला परवानगीसाठी जायचंच होतं.

हमरापूरला कान्हू म्हात्र्याचा कारखाना होता. मे महिना म्हणजे त्यांच्या हंगामाची सुरुवात. पत्र्याच्या शेडमध्ये शे-दीडशे पांढरेशुभ्र गणपती दाटीवाटीनं बसलेले. त्यांच्यामध्ये एका स्टुलावर सरांना बसवण्यात आलं, लेंगा गुडघ्यापर्यंत वर करून. कान्हूनं त्यांचा पंजा दोन्ही हातांनी दाबून बघितला.

"मास्तर, पाय झ्याक हाय. असं पाय आता नाय बघायला मिळत."

सर सुखावले, हे नाकारण्यात अर्थ नाही. या पायांना आजवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. कान्हूनं पावलांना तेल लावून प्लास्टर थापलं. प्लास्टर घट्ट होताना चांगलंच तापतं, ही माहिती भूगोलाच्या पुस्तकात नसते. शिवाय तेल घोट्याच्या वर लावायचं राहिलं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा घोट्यावरचे केस झाडून सगळे त्याच्याबरोबर गेले. सरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून कान्हूची बायको पुतळी रंगाचा ब्रश हातात घेऊन धावत आली, आणि मग पदर तोंडाला लावून आल्या पावली परत गेली.

"आता या साच्यात पावलं भरतो," कान्हू म्हणाला, "आन् त्या पावलांवर रबर चढवतो. सात हात द्यायला लागतील. मंगळवारी या, दोनी जोडे तयार."

मंगळवारी सर गेले. मंगळवार अशासाठी महत्त्वाचा की निमिष शुक्रवारी येणार होता. कान्हूनं रबराचा एक जोडा हातात ठेवला. उजवा. सुरेख झाला होता. बोटं न् बोटं उमटलेली. वाघाच्या कातड्यासारखं ते रबर सरांनी हातावर घेतलं.

"डावा?"

कान्हूनं पुतळीकडे बघितलं. पुतळीनं रंगाच्या वाटीकडे बघितलं.

झालं होतं ते असं. उजव्या पावलावरून रबर सोलून कान्हूनं दोन्ही पावलं वाळायला फळीवर ठेवली. त्या फळीवर जे वाळतं ते रंगायला जातं, हा कारखान्याचा शिरस्ता. पुतळीनं त्यांना अंगाचा रंग दिला, नखं गुलाबी केली, आणि घोट्याशी ओकंबोकं दिसतंय म्हणून सोन्याचे तोडे काढले.

"पांढरं कसं ठेवायचं?" पुतळी म्हणाली. "कारखान्यातनं भुंडं पाऊल बाहेर गेलं तर लोक काय बोलतील?"

तेवढ्यात रोह्यासमोर नदीपलीकडे असलेल्या अष्टमी गावच्या चंद्रावतीबाई गणपती सांगायला आल्या. त्यांना आपल्या गुरुमहाराजांच्या पादुका देवघरात ठेवायच्या होत्या, आणि समोर पाहतात तो तयार. घेऊन गेल्या.

"आन् तुमी दिल्यात?" सरांच्या तोंडून तिथलीच बोली निघाली, इतके ते खचले.

"व्हय. म्हटलं मास्तरांचा पाय हायच की, पुन्ना घेऊ. पन आता चार दिस कारखाना बंद. पुतण्याची हळद हाय."

आगऱ्यांची हळद म्हणजे सबंध गाव. तिथं बोलण्यात अर्थ नव्हता. आणि घोट्यावर उरल्यासुरल्या कातड्यानिशी सर पुन्हा प्लास्टरमध्ये पाय घालणार नव्हते, हेही नक्की. कान्हूला वाईट वाटलं. त्यानं पातळ रबराचा एक डबा आणि ब्रश सरांना दिला, हात कसे द्यायचे ते समजावलं आणि हळदीचं आमंत्रणही दिलं.

एसटीत डबा मांडीवर घेऊन बसलेले असताना सरांच्या मनात आलं की आपण उतरून सरळ घरी जावं आणि पद्मजाला सांगावं, होत नाही माझ्याच्यानं. तिनं ऐकून घेतलं असतं. तीच पंचाईत होती. ती काही न बोलता फळ्या माळ्यावर चढवायला स्टूल घेऊन आली असती. सर अष्टमीला गेले.

चंद्रावतीबाईंच्या ओटीवर सात-आठ चपला होत्या. आत देवघरासमोर बायका बसल्या होत्या. चौरंगावर, लाल वस्त्रावर, झेंडूच्या फुलांत, सरांचे पाय होते. अंगठ्याला कुंकू लावलेलं. उदबत्ती चालू. सर दारातच थबकले.

"या, दर्शन घ्या," चंद्रावतीबाई म्हणाल्या. साठीच्या, अंगानं काटक, सगळीकडे लक्ष असलेल्या बाई. सगळे बघत होते, त्यामुळे इलाज नव्हता. गोपाळराव खारकर आपल्या पायांच्या पाया पडले.

"महाराजांचा डावा अंगठा बघा, कसा बाहेर वळलाय," एक बाई हळहळत म्हणाल्या. "किती चालले असतील."

सरांनी आपला डावा पाय उजव्याच्या मागे घेतला. पण चंद्रावतीबाईंची नजर आधी तिथं गेली, मग चौरंगावर गेली आणि पुन्हा खाली आली. बायका गेल्यावर दार लोटून त्यांनी विचारलं, "तुमचेच ना?"

"हो," सर म्हणाले. त्यांना एवढं ओशाळल्यासारखं कधी झालं नव्हतं. त्यांनी फळ्यांपासून सगळं सांगितलं. निमिष, पद्मजा, माळा, हळद. बाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

"नेऊ नका," शेवटी त्या म्हणाल्या. "माझी सून गेले सात महिने माझ्याशी बोलत नव्हती. या पादुका आल्या आणि परवापासून आरतीला येऊन बसते. पाय कुणाचेही असोत. तुम्हाला काय फासायचंय ते इथं फासा."

"पण लोकांना काय सांगायचं?"

"लोकांना काही सांगायचं नसतं. लोक आपले आपण समजतात."

आणि लोक समजले. रबर पांढरं, दुधासारखं. मंगळवार संध्याकाळपासून गुरुवारपर्यंत, दिवसातून तीनदा, हायस्कूलचे खारकर सर पुलावरून चालत अष्टमीला यायचे, पाय धुवायचे आणि डोळ्यांत पाणी आणून डाव्या पादुकेला दुधाचा अभिषेक करायचे. तोही ब्रशानं, एक बोट न चुकवता. डोळ्यांत पाणी यायचं ते रबराच्या उग्र वासानं, पण ते आसपासच्यांना कोण सांगणार. दुसऱ्या दिवशी ओटी भरली. तिसऱ्या दिवशी रांग लागली आणि रांगेत हैबतराव उभे होते. हात जोडून ते पुढे आले, वाकले आणि चांगलं कपाळ टेकवून नमस्कार केला. सर ब्रश हातात धरून शेजारीच बसले होते. सबंध मे महिन्यात सरांना बरं वाटलं असेल ते तेवढंच.

गुरुवारी संध्याकाळी जोडा सोलून निघाला. तो प्रसाद म्हणून मागणारे चौघं निघाले आणि झटापटीत अंगठ्याचा तुकडा गेला. सरांनी वाद घातला नाही. राहिलेला जोडा पिशवीत घालून ते घरी आले, मूळचं रबर फळ्यांवरून काढलं, त्या जागी हे पट्ट्या ठोकून बसवलं आणि पाय घालून बघितले. असे बसले की सरांना घामच फुटला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मापाचं पायताण मिळालं होतं, आणि ते एका फळीला ठोकलेलं होतं.

शुक्रवारी निमिष आला. पोट सुटलेलं, केस विरळ झालेले. पद्मजाबाई दारातच त्याच्या गालाला हात लावून उभ्या राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "हात-पाय धू आधी." फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "बघ, वापरतात हो." सरांनी मान डोलावली.

शनिवारी परवानगी आली. 'पाण्यावर उभे राहण्यास या कार्यालयाची हरकत नाही. मात्र सदर काम सोमवारी सकाळी अकरा ते एक या वेळेतच करावे, व बुडाल्यास त्याची माहिती तीन दिवसांत लेखी कळवावी.' सर भूगोलाचे. सोमवारी अकराला कुंडलिका नदीला ओहोटी लागलेली असणार हे त्यांना बघताक्षणी कळलं. पण कागदावर सही होती, शिक्का होता, आणि दुसरा कागद आणायला पुन्हा पेणला जायचं बळ त्यांच्यात नव्हतं.

सोमवारी पुलाच्या खालच्या अंगाला कोळीवाड्यातल्या धनेशची मशीनची होडी आली. होडी मासळीची. "सर, पाणी उतरतंय," धनेश म्हणाला. सर म्हणाले, "मी शिकवतो ते." काठावर हैबतराव परवानगीचा कागद उंच धरून उभे होते. अष्टमीची काही मंडळी आली होती, कारण महाराजांचा भक्त पाण्यावर चालणार अशी त्यांची समजूत होती. निमिषनं कॅमेरा डोळ्याला लावला. पद्मजाबाई घाटाच्या शेवटच्या पायरीवर होत्या, आणि त्यांच्याकडे बघून सरांनी दोर हातात धरला.

धनेशनं मशीन चालू केलं. त्या होडीचा वेग असा की किनाऱ्यानं चालणारी म्हैस तिला मागे टाकेल. तेवढ्या वेगात माणूस पाण्यावर उठत नाही, ओढला जातो. सर ओढले गेले. आधी छातीइतक्या पाण्यातून, मग कंबरेइतक्या, आणि मग पाणी संपलं. पुढे नुसता चिखल होता. धनेश पुढे बघत होता आणि मशीनच्या आवाजात त्याला हाका ऐकू जात नव्हत्या. दोर सोडून द्यावा हे सरांना सुचलं नाही. एवढं सगळं करून हातात आलेली एकच गोष्ट सोडायला मन होत नाही. चिखलातून फळ्या मात्र झकास घसरल्या, आणि त्या घसरणीत दोन क्षण, फार तर तीन, गोपाळराव खारकर खरोखर उभे राहिले. काठावरून कुणीतरी महाराजांचा जयजयकार केला. मग ते बसले.

चार जणांनी त्यांना काठावर आणून ठेवलं. पाय निघेनात. हुबेहूब मापाचं रबर, वरून आत गेलेला चिखल. मंडळी पांगली, हैबतराव 'बुडाल्याबाबत'चा अर्ज लिहायला घरी गेले, आणि सर फळ्यांसकट पाय पसरून चिखलात बसले. पद्मजाबाईंनी काठावरच्या एका पोरीला पाठवून घरून खोबरेल आणवलं आणि त्या उजव्या जोड्यात तेल सोडू लागल्या. निमिषनं कॅमेरा बाजूला ठेवला आणि डाव्या जोड्याशी बसला. बसल्यावर त्यानं तो नीट बघितला.

"भावोजी, हे रबर कुठलं? मूळचं काय झालं?"

"लहान पडलं," सर म्हणाले. आता खोटं बोलण्याइतका दम त्यांच्यात नव्हता.

"लहान? अहो, ती मागची पट्टी काढायची, उलटी फिरवायची आणि परत बसवायची. दोन इंच वाढतं. साहेबानं दाखवलं होतं मला."

सरांना राग यायला हवा होता. ते वाट बघत बसले, पण तो काही आला नाही. रागालाही हमरापूर, पेण आणि अष्टमी अशा खेपा पडल्या असणार.

"कुठला साहेब?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"माझा. नोकरी सोडून गेला, तेव्हा जाताना देऊन गेला." निमिष खाली बघत तेल चोळत होता. "ताई, मला तरी कुठं येतं यातलं काही? मला पोहता येत नाही, तुला माहितीये. येता येत नव्हतं ना, म्हणून मिळेल ते पाठवायचो."

"पट्टीचं सांगायचंस तरी."

"इथं असतो तर सांगितलं असतं."

"मग इथं का नसतोस?" पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, पण हात थांबले होते. "सहा वर्षं माळा भरतोय माझा. त्यातलं काय मागितलं होतं मी? हे वापरत नाहीत म्हणून यांच्यावर चिडले. तुझ्यावर कशी चिडणार, तू होतास कुठं?"

निमिषनं जोड्यातला चिखल बोटानं उकरून काढला. मग तो सांगायला लागला. खोलीत पाच जण कसे राहतात ते, पासपोर्ट कंपनीकडे कसा असतो ते, दोन वेळा रजा मंजूर होऊन कशी रद्द झाली ते. पत्रात यातलं काहीही नव्हतं. पद्मजाबाई ऐकत होत्या, मध्येच एखादं विचारत होत्या, आणि दोघांचे हात आपोआप जोडे ओढत होते.

एवढ्यात सरांच्या लक्षात आलं की तेल टाचेखाली उतरलंय. डावा पाय सुटला होता. जरा मागे घेतला असता तर सहज बाहेर आला असता, आणि उजवाही. मग सगळे उठले असते, कुणी चहाचं बोललं असतं, आंघोळीचं पाणी तापवायची घाई झाली असती. बारा दिवसांतले चार गेलेच होते.

सरांनी दोन्ही पायांची बोटं आत वळवली आणि रबर घट्ट धरून ठेवलं.

"सुटतंय का हो?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"नाही अजून," सर म्हणाले. "तुमचं चालू द्या."